टिकाव समितीचे निरोप समारंभ

विद्याधर नगर, जयपूर
होळीच्या आधीचा रविवार, २००७

आदरणीय हणमंतराव यांस,
सुखदेवचा सविनय जय भीम.

तुमचा गुडघा कसा आहे? शालनवहिनींचा दमा दौंडच्या थंडीत वाढला नसेल अशी आशा करतो. वाढला असेल तर त्यांना सांगा, जयपूरला येऊ नका. इथली धूळ दम्याला फार मानवते, एकदा आलेला दमा इथून हलत नाही. (इथून हलतात त्या फक्त नर्सेस. पण ते पुढे येईलच.) आम्ही दोघं ठीक आहोत. पत्रास कारण विशेष काही नाही. पत्राच्या सुरुवातीलाच जो असं लिहितो त्याला काहीतरी हवं असतं, हे तुमचं मत मला ठाऊक आहे. तरीपण विशेष काही नाही. रविवार आहे, सौभाग्यवती शेजारी गेली आहे, आणि मन मोकळं करावं असं माणूस या अख्ख्या राजस्थानात मला दुसरं नाही.

कलावतीचं, तुमच्या बहिणीचं, डायलिसिस आठवड्यातून दोनदा चालू आहे. रक्त बाहेर काढायचं, मशीननं धुवायचं, परत आत घालायचं, आणि हे सगळं होईपर्यंत अर्धा दिवस पलंगावर पडून राहायचं. त्यासाठी डाव्या हातावर ऑपरेशन करून एक जाड नस तयार केली आहे, ते मागेच कळवलं होतं. त्या नसेत दर वेळी दोन सुया घालाव्या लागतात. सुया म्हणजे काय सांगू, घरात गोधडी शिवायला घेतली असती तर वहिनी म्हणाल्या असत्या की जरा बारीक आणा. मी काही भित्रा नाही, पण सुई पाकिटातून बाहेर आली की मला नेमकं खाली टपरीवर चहाचं काम निघतं. तर ही नस तुमच्या घराण्यातली असल्यामुळे हट्टी आहे. ती फक्त एकाच माणसाला वश आहे, सिस्टर प्रियंका मीणा. आमेरच्या पलीकडच्या शेतकऱ्याची मुलगी, रोज बसनं येते, आवाज असा की शेजारच्या वॉर्डातले रोगी उठून बसतात. मला ‘अंकलजी, रास्ता छोड़िए’ याखेरीज दुसरं वाक्य तिनं कधी ऐकवलेलं नाही. पण सुई पहिल्या फटक्यात. मागे ती भावाच्या लग्नाला रजेवर गेली तेव्हा एका नवीन मुलीनं हाताची चाळण केली, हात कोपरापर्यंत सुजला आणि शेवटी मानेत नळी घालून मशीन जोडावं लागलं. कलावती तेव्हा हूं की चूं बोलली नाही. बाहेर बाकावर बसून मीच रडलो. हे वहिनींना सांगू नका.

आता मी त्या इस्पितळात नोकरीला कसा लागलो ते ऐका. इस्पितळाचं नाव लिहीत नाही, कारण अजून मी तिथं आहे. बनी पार्काच्या बाजूला आहे, मोठं आहे, आणि दारात इतका संगमरवर आहे की रोगी घसरून पडला तर लगेच उपचार सुरू करता येतात. मालक नंदकिशोरजी संगमरवराचे व्यापारी. त्यांना सगळे चेअरमनसाहेब म्हणतात. डायलिसिसच्या नर्सेस सारख्या बदलतात म्हणून मी त्यांच्याशी भांडायला गेलो आणि बोलता बोलता सांगून बसलो की मी रेल्वेत कल्याण निरीक्षक होतो, माझ्या कारकिर्दीत एकही माणूस नोकरी सोडून गेला नाही. (हे खरंच आहे. रेल्वेतून माणूस बदलीनं जातो, निवृत्तीनं जातो किंवा वर जातो. तिन्हींत माझा हात नव्हता, पण हे सांगायला मी विसरलो.) चेअरमनसाहेब खुर्चीतून उठले आणि म्हणाले, तुमच्यासारखाच माणूस मी शोधत होतो. तिथल्या तिथं मला टिकाव अधिकारी नेमलं, म्हणजे नर्सेस टिकवायच्या. गेलो होतो तक्रार करायला आणि परत आलो तो ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची असा माणूस होऊन.

माझ्या मदतीला एक समिती दिली, तिचं नाव टिकाव समिती. तिच्यात चेअरमनसाहेब, किडनीचे मोठे डॉक्टर, हृदयाचे त्यांच्याहून मोठे डॉक्टर, हिशेबनीस आणि मार्केटिंगचा निलय नावाचा एक चुणचुणीत पोरगा. तो जेवताना सुद्धा भिंतीवर स्लाइड दाखवील. समितीत नर्स एकही नाही. मी पहिल्याच बैठकीत विचारलं तर उत्तर मिळालं, नर्सना बैठकीला सोडलं तर वॉर्ड कोण बघणार, नर्सेस आधीच कमी आहेत. मग नर्सेस का जातात यावर चर्चा झाली. आयसीयूत एकीनं दोन रोगी बघायचे तिथं चार बघते, होस्टेलला संध्याकाळीच कुलूप लागतं, बसायला खुर्ची नाही (खुर्ची असली की नर्स बसते, असं हिशेबनिसाच्या लक्षात आल्यावर खुर्च्या काढल्या होत्या), असल्या क्षुल्लक गोष्टी मी मांडल्या. किडनीच्या डॉक्टरांनी मान हलवली आणि म्हणाले की खरं कारण निराळं आहे, हल्लीच्या मुलींत सेवाभाव उरलेला नाही. हणमंतराव, सेवाभाव हा शब्द मी आयुष्यभर ऐकत आलो. ज्याला दुसऱ्याचा पगार ठरवायचा असतो त्याच्याच तोंडी तो येतो. चेअरमनसाहेबांना तर मनापासून नवल वाटतं. त्यांचा माल वर्षानुवर्षं गोदामात पडून राहतो, त्याचा भाव वाढतो, आणि एकाही लादीनं आजवर राजीनामा दिलेला नाही.

समितीनं उपाय केले नाहीत असं मात्र म्हणू नका. पहिला उपाय, नर्सेसची मूळ सर्टिफिकिटं हिशेबनिसाच्या तिजोरीत कोंडायची. मुलींनी ‘हरवली’ म्हणून पोलिसांत कळवलं आणि रीतसर दुसऱ्या प्रती काढल्या. तिजोरीतला गठ्ठा अजून तसाच आहे, ज्यांची सर्टिफिकिटं त्या कुवेतला. दुसरा उपाय निलयचा. महिन्याची सर्वोत्तम नर्स निवडायची आणि तिचा फोटो, नाव आणि विभाग दाराशी काचेच्या चौकटीत लावायचा. फार सुंदर चौकट होती. पुढे कळलं की परदेशात नर्सेस पाठवणाऱ्या एजंटचा माणूस दर महिन्याच्या एक तारखेला येऊन त्या चौकटीसमोर उभा राहतो आणि नाव टिपून घेतो. त्या बिचाऱ्याला आधी वॉर्डावॉर्डातून हिंडून चौकशी करावी लागायची, आता आम्हीच निवडून, पुसून, प्रकाशात ठेवत होतो. चौकटीत जिचा फोटो लागेल ती दोन महिन्यांत गेलीच. शेवटी हृदयाच्या डॉक्टरांनी सुचवलं की त्यांना नको असलेल्या नर्सचा फोटो लावून बघू. तिचाही लावला. ती मात्र गेली नाही.

मग समिती माझ्याकडे बघू लागली. मी रेल्वेचा माणूस, मला एकच कल्याण ठाऊक, निरोप समारंभ. तुम्ही दौंडच्या यार्डात कितीतरी पाहिले असतील. ज्या साहेबानं जन्मभर शिव्या घातल्या तोच हार घालतो, हा माणूस म्हणजे आमच्या डेपोचा कणा होता म्हणतो, भिंतीवरचं घड्याळ देतो, सामोसे येतात, आणि ज्याचा निरोप असतो त्याच्यासकट सगळे रडतात. मी म्हटलं, इथं मुली जातात तेव्हा मागच्या दारानं जातात, कोणी ‘बरं बाई, ये’ सुद्धा म्हणत नाही. थाटात निरोप दिला तर राहणाऱ्यांना वाटेल, संस्था माणसांची कदर करते. रेल्वेत हे चालतं. (रेल्वेत का चालतं? कारण तिथं निरोपासाठी आधी निवृत्त व्हावं लागतं. हा बारकावा त्या वेळी माझ्या ध्यानात आला नाही. तुमच्या बहिणीच्या आला होता. ती नुसती ‘करा’ म्हणाली आणि हसली, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.)

पहिला समारंभ कुवेतला निघालेल्या आयसीयूच्या सिस्टरचा. डोक्याला लहरिया साफा, म्हणजे इकडचा नागमोडी पट्ट्यांचा फेटा, बांधला, शाल, नारळ, प्याजकचोरी, ढोलकवाला. चेअरमनसाहेबांनी भाषण केलं, या आमच्या कुटुंबातल्या कन्या, यांच्या हातात आमच्या इस्पितळाचा प्राण. सिस्टर ढसाढसा रडली. माईकवर म्हणाली की सहा वर्षं झाली, आज सरांच्या तोंडून पहिल्यांदा माझं नाव ऐकलं, आजवर ‘ए सिस्टर’ असायचं. चेअरमनसाहेबांना ही आपली स्तुती वाटली. तेही रडले. निलयनं फोटो काढून इस्पितळाच्या जाहिरात-पुस्तिकेत छापला. मी घरी येऊन छाती काढून सांगितलं की टिकाव सुरू झाला.

पुढच्या आठवड्यात राजीनाम्यांची रीघ लागली. नवजात बालकांच्या कक्षातल्या, ऑपरेशन थिएटरमधल्या, ज्यांना कुठं जायचंही नव्हतं अशासुद्धा. एकीला मी विचारलं, बाई, कुठं चाललीस? म्हणाली, अंकलजी, जगह तो अभी देखी नहीं, पर साफा हरा वाला मिलेगा क्या? माणसाला आयुष्यात एकदा तरी आपल्याबद्दल चांगलं ऐकावंसं वाटतं, हणमंतराव, आणि आमच्याकडे ते ऐकायची सोय फक्त सोडून जाणाऱ्यांना होती. जी थांबली तिला चौथा रोगी मिळे, जी निघाली तिला ढोलक. एकीनं तर कमाल केली. निरोप घेतला, साफा बांधला, रडली, आणि चार दिवसांनी नव्या भरतीच्या जाहिरातीतून परत आत आली. आता तिचा पगार तिच्याबरोबरच्या जुन्यांपेक्षा जास्त आहे, कारण नवीन माणसाला जास्त देऊन आणायचं आणि जुन्याला सेवाभावावर ठेवायचं हे आमचं धोरण. बाकीच्यांनी हा मार्ग नीट बघून ठेवला आहे. समितीच्या बैठकीत मला विचारण्यात आलं की हे टिकाव अधिकाऱ्याचं काम आहे की बँडवाल्याचं.

इतकं होऊनही डायलिसिस विभाग मात्र शांत होता. तिथून एकही राजीनामा नाही. मी बैठकीत दोनदा सांगितलं की तिथं माझी पत्नी असते, तिच्या सहवासाचा परिणाम. आणि नेमका तिथूनच बॉम्ब फुटला. प्रियंकाचा राजीनामा आला, आयर्लंडला नोकरी! आमेरच्या पलीकडच्या ज्या मुलीला जयपूरच्या बसमध्ये इंग्रजी पाटी वाचताना मी स्वतः अडखळताना पाहिलं आहे, ती इंग्रजीची तोंडी परीक्षा पास होऊन बसली होती. चेअरमनसाहेब म्हणाले की हिला कोणीतरी आतून फितवतंय, तो घरभेदी शोधा. मी रेल्वेत चोरीची चौकशीही केलेली आहे, त्यामुळे मी आव्हान स्वीकारलं.

आणि परवा चेअरमनसाहेबांना, दोन्ही डॉक्टरांना आणि निलयला घेऊन मी डायलिसिस विभागात अचानक पाहणीला गेलो. दृश्य काय? मशीन फिरतंय, हाताला लाल नळ्या लागलेल्या, आणि तुमची बहीण उशीला टेकून मुलाखत घेतेय! प्रियंका पलंगाच्या कडेला ताठ उभी, तिच्यामागे वैष्णवी नावाची ती नवीन मुलगी (हाताची चाळण करणारी, तीच), आणखी दोघी. कलावती तिच्या रेल्वे स्कूलमधल्या अस्सल मास्तरणीच्या आवाजात इंग्रजीतून विचारतेय, पेशंट घाबरला असेल तर त्याला काय सांगाल? प्रियंका इंग्रजीतून सांगतेय. चूक झाली की कलावती मोकळ्या हातानं पलंगावर टिचकी मारतेय. मला बघून थांबल्यासुद्धा नाहीत. निलयनं हळूच विचारलं की अंकल, मेरा भी इंटरव्यू है, आंटीजी मुझे भी सिखाएँगी? चेअरमनसाहेबांनी फक्त माझ्याकडे बघितलं. घरभेदी सापडला होता आणि मी त्याच्याशी लग्न करून चौतीस वर्षं झाली होती.

घरी आल्यावर मी तोंड सोडलं. म्हटलं, मी दिवसभर ज्यांना धरून ठेवायला मरतोय त्यांना तू पलंगावर पडून पंख लावतेस? आणि लावायचेच होते तर हृदयाच्या विभागात लाव, तिथं माझं कोणी नाही! ही गेली तर तुझ्या हातात सुई कोण घालणार? परत मानेत नळी? तू मेलीस तर माझं काय, याचा विचार केलास? (हे असं बोलायला नको होतं, पण खरं तेच बोललो.) ती भाकरी थापत होती, थांबली नाही. म्हणाली, “आईच्या माघारी मला कॉलेजात नाव घालायचं म्हटल्यावर सगळी भावकी दादाला म्हणाली, पोरगी गेली तर चूल कोण पेटवणार. दादा ड्यूटीवरनं येऊन स्वतः भाकरी थापायला लागला. कच्च्या, करपलेल्या, तशा खाल्ल्या आम्ही. त्यानं मला चुलीपाशी धरून ठेवली असती तर मी आज कुणाला काय शिकवलं असतं? आणि आता माझी चूल पेटायला हवी म्हणून मी त्या पोरीचा पदर धरू?” म्हणजे मूळ गुन्हेगार तुम्ही. तरी मी म्हटलं, मतलब, तुझं आयुष्य गेलं तरी चालेल? त्यावर तिनं माझ्या ताटात भाकरी टाकली आणि म्हणाली, जेवा.

तर असं आहे. एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली आहे. राजीनामा दिल्यापासून प्रियंकाचं कामात लक्ष राहिलेलं नाही. गेले काही आठवडे तुमच्या बहिणीचा हात सारखा निळाकाळा दिसतो. जी मुलगी कधी चुकत नव्हती ती आता चुकते. मी मुकादमाच्या आवाजात तिला विचारलं, तर ‘अंकलजी, रास्ता छोड़िए’. जाणाऱ्या माणसाचं मन आधी जातं, शरीर मागाहून, हे मी रेल्वेत पुष्कळ पाहिलं आहे. बाकी सर्व कुशल. वहिनींना जय भीम, मुलांना आशीर्वाद.

आपला,
सुखदेव

ता. क. विशेष काही नाही म्हटलं होतं, पण एक आहे. कलावती जगात फक्त तुमचं ऐकते. तुम्ही येऊन, नाहीतर निदान कडक शब्दांत लिहून तिला सांगा की प्रियंकाला वर्षभर थांब म्हण. ती पोरगी माझं, डॉक्टरांचं, चेअरमनचं कोणाचं ऐकणार नाही, पण आंटीजी म्हणाल्या तर तिकीट फाडून टाकील. हा हट्ट नाही, भीक समजा. मला भीती वाटते, हणमंतराव.

ता. क. २. प्रियंकाच्या निरोप समारंभात भाषण मलाच करायचं आहे, समितीचा ठराव झालाय. साफा मी स्वतः बापू बाजारातून आणला. हिरवा. याचा अर्थ मी तिच्या जाण्याला संमती दिली असा कृपया काढू नये.

ता. क. ३. हे पत्र कलावतीच्या नकळत लिहिलं आहे. उत्तर इस्पितळाच्या पत्त्यावर पाठवा.

दादा, मी कलावती. पाकिटावर पत्ता कायम मीच घालते हे यांच्या अजून लक्षात आलेलं नाही. पत्र वाचलं. बरंचसं खरं आहे, रडल्याचं मला माहीत नव्हतं.

तू येऊ नकोस आणि कडक काही लिहू नकोस. प्रियंकाचं लक्ष कुठंही गेलेलं नाही. ती गेले दोन महिने माझ्या हाताला हातच लावत नाही. मी पहिल्या दिवशीच तिला अट घातली होती, इंग्रजी मी शिकवते, पण जाण्याआधी तुझा हात कुणाला तरी देऊन जा. म्हणून सुया वैष्णवी घालते आणि ही शेजारी उभी राहून ओरडते. चुकलं की निळं होतं. दुखतं रे दादा, खोटं का सांगू, कधी कधी डोळ्यांत पाणी येतं. पण तुझ्या त्या पहिल्या भाकरी आठवतात. परवा वैष्णवीची सुई पहिल्या फटक्यात गेली आणि सगळ्या विभागानं टाळ्या वाजवल्या. यांना यातलं काही माहीत नाही, कारण हे टपरीवर होते. समितीलाही सांगणार नाही, नाहीतर माझ्या हाताची स्लाइड काढतील.

तू मला दौंड स्टेशनच्या स्टॉलवरून घेऊन दिलेलं इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक वहिनीच्या ट्रंकेत असेल, तेवढं पाठव. परवापासून वैष्णवीही धड्याला बसली आहे. तिनं विचारलं, आंटीजी, मेरे बाद कौन? मी म्हटलं, तू आण कुणाला तरी, हात इथंच आहे.